शेवटच्या गाडीची काठी

रस्ता रुंद करायचा तर आधी तो अरुंद करावा लागतो, हे उन्हात खोळंबलेल्या माणसाला कोणी पटवून देऊ शकत नाही. काठीवाली मावशी त्या फंदातच पडत नसे. "किती वेळ लागेल?" असं कोणी विचारलं की ती म्हणायची, "काठी आली की सोडते." काठी कधी येणार? तर पलीकडची शेवटची गाडी आली की. ती कधी येणार? "तुम्ही माझ्यापेक्षा उंच गाडीत बसलाय, तुम्हालाच आधी दिसेल." ड्रायव्हर खिडकीतून थुंकायचे आणि गाडी बंद करायचे.

महामार्ग जुना होता, दोन पदरी. त्यावर गाड्या एवढ्या वाढल्या की एक ट्रक चढावर दमला तरी त्याच्यामागे नजर पोचेपर्यंत रांग लागायची. त्या रांगेत ज्याला दम निघत नसे तो उलट्या बाजूने घुसायचा आणि वळणावर समोरच्याच्या अंगावर जायचा. माणसं मेली, पेपरात आली, पुन्हा मेली. शेवटी रस्ता चौपदरी करायचं ठरलं. सपाटीवरचं काम भराभर झालं. घोडं पेंड खाऊ लागलं ते खिंडीत. एका अंगाला डोंगर फोडणं चाललं होतं, दुसऱ्या अंगाला भिंतीसाठी खोल चर खणून त्यात लोखंडी गज उभे केले होते, आणि या दोन्हींच्या मध्ये एक लॉरी जेमतेम जाईल एवढीच वाट उरली होती. म्हणून एकदा या बाजूच्या गाड्या सोडायच्या, एकदा त्या बाजूच्या. या टोकाला मावशी होती आणि त्या टोकाला तिचा नवरा. मध्ये वळण असल्यामुळे दोघं एकमेकांना दिसत नसत.

कंपनीने सुरुवातीला दोघांना वायरलेस दिला होता. डोंगर मध्ये आला की त्यातून नुसती खरखर यायची. मोबाइलला खिंडीत रेंज नव्हती. मग मुकादमाने जुनी युक्ती काढली. हातभर लांबीची एक काठी घेतली आणि तिच्या टोकाला लाल फडकं बांधलं. एका बाजूच्या गाड्या सोडल्या की त्यातल्या शेवटच्या ड्रायव्हरच्या हातात ती काठी द्यायची. त्याने ती पलीकडच्या माणसाला द्यायची. काठी आली म्हणजे वाट रिकामी झाली, आता तुम्ही आपल्या सोडा. सगळ्या महामार्गाचा कारभार त्या एका काठीवर चालला होता. काठी हातात नाही तर गाडी सोडायची नाही, मग समोर कोणी का असेना. चर किती खोल आहे हे दोघांनाही माहीत होतं. त्यातले गज त्यांच्याच टोळीतल्या माणसांनी बांधले होते.

मावशीचं सगळं आयुष्य रस्त्यावर गेलं, असं म्हटलं तर लोक भलताच अर्थ काढतील. पण ते तसंच होतं. पोरवयात ती आईबरोबर खडी फोडायला बसली. पुढे खडी पसरली, डांबराची घमेली वाहिली. उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत डांबराने भाजल्याचा डाग होता. लेक लहानपणी विचारायची, आई, हे काय आहे, तेव्हा ती सांगायची, "नकाशा आहे. मी केलेले सगळे रस्ते आहेत यात." केले तर खूप. पण त्यातल्या एकाही रस्त्यावरून ती कधी कुठे गेली नाही. काम संपलं की टोळी दुसरीकडे हलायची आणि रस्ता इतरांना राहायचा.

नवरा तिला अशाच एका कामावर भेटला. तो रोलरच्या पुढे पाणी मारायचा, म्हणजे सगळ्या टोळीत सोपं काम शोधून त्याने ते पटकावलं होतं. बोलायला गोड होता आणि कामाला चुकार. घमेली उचलायची म्हटलं की याच्या कमरेत उसण भरायची, आणि मुकादमाची पाठ वळली की उतरायची. तिला हे लग्नाआधीच माहीत होतं, तरी तिने त्याच्याशी लग्न केलं, कारण दिवसभर डांबराच्या वाफेत उभं राहून तिला हसवणारा तो एकटाच होता. टोळीत बरोबरीने काम केलेलं, त्यामुळे दोघांत अरे-तुरे होतं ते तसंच राहिलं. फक्त राग आला की ती त्याला 'अहो' म्हणायची. 'अहो' ऐकलं की तो समजायचा, आज धडगत नाही.

आता दोघांचे गुडघे गेले होते. घमेली वाहायचं वय सरलं म्हणून मुकादमाने जुनी ओळख ठेवून हे काम दिलं. दिलं ते जोडीने. "दोघं मिळून दोन टोकं सांभाळा. एक जण आला नाही तर मला दोघांच्याही जागी माणसं बघावी लागतील," त्याने आधीच बजावलं होतं. खिंडीचं काम संपेपर्यंत टिकायचं, मग लेकीकडे जाऊन राहायचं, असं मावशीने ठरवलं होतं. लेक शहरात कपड्यांच्या कारखान्यात होती, तिची एकच खोली होती, पण ती कधीपासून बोलावत होती. शहर मावशीच्याच बाजूला होतं. बाजार, दवाखाना, लेक, सगळं याच बाजूला. पलीकडे नुसता माळ.

आणि सावलीही याच बाजूला होती. खिंडीच्या या तोंडाशी एक मोठं झाड होतं. तेही तोडायचं होतं, बुंध्यावर पांढरा पट्टा मारून झाला होता, पण अजून त्याची पाळी आली नव्हती. पलीकडच्या टोकाला सावली म्हणून स्वतःची असेल तेवढीच. पहिल्या दिवशी टोकं वाटून घेताना मावशी टोळीच्या टेम्पोतून घाईघाईने उतरून आधी झाडाखाली जाऊन उभी राहिली होती. "जन्मभर तू सोपं काम घेतलंस. आता माझी पाळी," ती म्हणाली होती. तो हसला होता आणि पलीकडे गेला होता.

दिवसभरात दोघांची भेट नसे, पण काठी येत-जात असे. फडक्याला गाठ मारून आली म्हणजे तो जेवला. ती गाठ सोडून पाठवायची, म्हणजे तीही जेवली. आणि भांडण झालं असेल तर काठीचा अबोला. त्याच्याकडे काठी पोचली की तो गाड्या सोडायचाच नाही, मुद्दाम ताटकळत ठेवायचा. तेवढ्या वेळात मावशीकडे रांग वाढायची आणि लोक तिच्या सात पिढ्या उद्धरायचे. चोर सोडून संन्याशाला फाशी. मग सावकाश पलीकडच्या गाड्या यायच्या आणि शेवटच्या ड्रायव्हरच्या हातून काठी यायची. पुढच्या खेपेला ती त्याची परतफेड करायची. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो म्हणतात. इथे तिसरा उन्हात शिजायचा. नेहमीच्या बसचा ड्रायव्हर तर काठीला उशीर झाला की विचारायचा, "मावशी, आज काय मीठ जास्त पडलं का?"

त्या दिवशी सकाळी टेम्पोत बसल्यावर नवरा म्हणाला, "आज तू पलीकडे उभी राहतेस का? मला जरा सावलीत थांबू दे."

"का रे?"

"कसंतरीच होतंय. हात जड झालाय."

"काठी उचलून? हातभर काठी ती!"

"अगं, खरंच."

"तुझं खरंच मला पाठ आहे. लेकीचं सामान हलवायच्या दिवशीसुद्धा खरंच होतं. ट्रक निघून गेल्यावर कसा उड्या मारत होतास."

टेम्पोतली टोळी हसली. तोही हसेल असं तिला वाटलं, पण तो हसला नाही. म्हणाला, "मग आजच्या दिवस घरी जातो."

"अहो, घरी जा आणि दोघांचं काम घालवा. थोडे दिवस राहिलेत. तेवढेही निघेनात का तुमच्याने?"

'अहो' आलं तसं त्याने तोंड बाहेर वळवलं. तिच्या टोकाशी टेम्पो थांबला, ती उतरली. टेम्पो खिंडीतून त्याला सोडून परत आला तेव्हा ड्रायव्हरने नवऱ्याचा जेवणाचा डबा तिच्या हातात दिला. "काकांनी सीटवरच ठेवला. हाक मारली, पण ते हात हलवून पुढे गेले." मावशीने मनात म्हटलं, बरं, म्हणजे आज अबोला. तिने डबा झाडाच्या मुळाशी ठेवला.

सकाळच्या खेपा सुरळीत झाल्या. काठी जात होती, येत होती, फडक्याला गाठ मात्र नव्हती. ऊन चढलं. दुपारी तिने आपली रांग सोडली आणि शेवटी असलेल्या दुधाच्या टँकरवाल्याकडे काठी दिली. टँकर वळणाआड गेला. आता थोड्या वेळात पलीकडच्या गाड्या दिसू लागायला हव्या होत्या.

दिसल्या नाहीत. इकडे रांग वाढत गेली. ट्रक आले, मोटारी आल्या, नेहमीची बस आली. लोक खाली उतरून खिंडीकडे बघू लागले. धूळ नव्हती, आवाज नव्हता, वाट रिकामी पडली होती. पांढऱ्या मोटारीतला चष्मेवाला तिच्याजवळ आला. "अहो बाई, पलीकडून एकही गाडी येत नाही. वाट मोकळी आहे, डोळ्यांना दिसतंय."

"मोकळी आहे का नाही ते काठी सांगते."

"काठीला काय डोळे आहेत?"

"तुमच्यापेक्षा बरे आहेत. चष्मा लागत नाही."

एरवी यावर लोक हसले असते. आज कोणी हसलं नाही. मागून भोंगे वाजायला लागले. बसमधलं एक तान्हं मूल केव्हापासून रडत होतं आणि त्याच्या आईने ते खिडकीतून तिला दाखवल्यासारखं बाहेर धरलं होतं. कोणीतरी तिला आईवरून शिवी दिली. बसचा ड्रायव्हर खाली उतरला. "मावशी, पुन्हा भांडलात ना? भांडण तुमचं आणि ऊन आम्हाला. काका तिकडे मस्त पाय पसरून बसले असतील."

हे मात्र तिला लागलं, कारण तिच्याही डोळ्यांसमोर तेच चित्र होतं. कुठल्यातरी ट्रकच्या सावलीत बसलाय, काठी मांडीवर ठेवलीय, आणि गालात हसतोय, की बस आता शिव्या खात. सावली दिली नाहीस ना मला? जन्मभर त्याच्या सोंगांपायी तिने दोघांच्या वाटची घमेली वाहिली होती. गुडघे तिचे आधी गेले ते उगाच नाही. आणि आता म्हातारपणी, चार परक्या माणसांत, या वयात आईवरून शिव्या.

तिच्या हातात पाटी होती, एका बाजूला लाल आणि एका बाजूला हिरवी. तिने ती फिरवली.

"जा," ती म्हणाली. "निघा सगळे."

काठी नसताना तिने आजवर कधी गाडी सोडली नव्हती. पण खोटं कशाला सांगा, त्या क्षणी तिला फार बरं वाटलं. बस गेली, चष्मेवाला गेला, ट्रक गेले. शेवटच्या टेम्पोवाल्याला तिने थांबवून निरोप दिला, "पलीकडच्याला सांग, तुझी बायको आता तुझ्या काठीवाचून गाड्या सोडते म्हणावं." टेम्पोवाला हसत आत शिरला.

मग आत भोंगे वाजू लागले. एक, दोन, मग सगळेच. टेम्पो वळणाच्या अलीकडेच थांबला. थोड्या वेळाने टेम्पोवाला गाड्यांच्या कडेकडेने पायी परत येताना दिसला.

"मावशी, आत तोंडाला तोंड लागलंय. समोरूनही गाड्या आल्यात."

"समोरून? आता? आणि काठी कुठाय?"

"काठीचं माहीत नाही. पुढच्या मोटारीत कोणीतरी आजारी आहे म्हणतात, दवाखान्यात न्यायचाय." तो तिच्याकडे बघत थांबला. "तुमच्यासारखंच पिवळं जाकीट आहे अंगात."

तिला धावता येत नव्हतं तरी ती धावली. एका बाजूला गाड्यांचे तापलेले पत्रे, दुसऱ्या बाजूला चर, मध्ये पाऊल मावेल एवढी कड. खिडक्यांतून लोक ओरडत होते, कोणी सोडलं आम्हाला, कोणी सोडलं. वळणापलीकडे बस उभी होती, आणि बसच्या नाकाला नाक लावून एक जुनी भाड्याची मोटार. तिच्यामागे भरलेला ट्रेलर, त्यामागे पलीकडची सगळी रांग.

मोटारीच्या मागच्या सीटवर तो आडवा होता. डोकं एका परक्या बाईच्या मांडीवर होतं. ती बाई ओल्या रुमालाने त्याचा चेहरा पुसत होती. चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता आणि सगळा घामाने भिजला होता. मुठीत काठी होती.

"टँकरवाल्याने यांना काठी दिली आणि हे तिथेच खाली बसले, मग कोसळले," ती बाई म्हणाली. "पाणी मारलं, वाट बघितली, मग उचलून गाडीत घातलं. काठी सोडतच नाहीत. सारखं म्हणतात, मागच्या गाडीला द्या, मागच्या गाडीला द्या. आम्हाला काही कळेना."

मोटारीचा ड्रायव्हर बाहेर उभा राहून बसवाल्याच्या नावाने ओरडत होता. मावशी दिसली तसा तिच्याकडे वळला. "आमची वाट होती ही! काठी आमच्याकडे होती! त्या टोकाला कोण गाढव बसलंय? कोणी सोडल्या या गाड्या?"

"मी सोडल्या," मावशी म्हणाली.

तिने खिडकीतून हात आत घातला आणि नवऱ्याच्या मुठीवर ठेवला. त्याने डोळे उघडले.

"आलीस?"

"अरे, मला वाटलं तू..."

"ऊन फार आहे गं तिकडे," तो म्हणाला. तक्रार नव्हती त्यात. कोणी विचारावं आणि सांगावं, तसं सांगितलं.

माणसांनी त्याला उचलून बसच्या मागे न्यायची खटपट करून पाहिली. बस एका बाजूने डोंगराला घासत होती, दुसऱ्या बाजूला चर. एकटा माणूस अंग चोरून जाईल, पण आडवा माणूस नेता येईना. मोटारीमागे ट्रेलर होता, त्याला चढावर मागे हटणं शक्य नव्हतं. उपाय एकच होता. इकडून सोडलेली सगळी रांग शेपटाकडून एकेक करून मागे काढायची. आणि प्रत्येक ड्रायव्हर म्हणत होता, आधी समोरच्यांना हटवा. कोणी कोणाचं ऐकत नव्हतं.

तिला तिथेच बसायचं होतं. त्या बाईच्या मांडीवरून त्याचं डोकं आपल्या मांडीवर घ्यायचं होतं, आणखी काही नको होतं. तो तिच्याकडे बघत होता. "जा तू," तो म्हणाला. "तुझ्याशिवाय नाही निघायच्या त्या." काठी त्याने आपण होऊन तिच्या हातात दिली.

ती शेपटाकडे गेली. आधी टेम्पो मागे घेतला. मग एक ट्रक, मग दुसरा. मागे घे, घे, घे, थांब, चाक वळव, डोंगराकडे, आणखी, घे. काठी बॉनेटवर आपटत ती ओरडत होती. चष्मेवाल्याला गाडी मागे घेता येईना, तेव्हा तिने टेम्पोवाल्याला त्याच्या जागी बसवलं. एका मोटारीचं मागचं चाक चराच्या कडेवर गेलं आणि खडी खाली गजांवर पडल्याचा आवाज आला. तिने चार माणसं लावून ती गाडी उचलून आत घेतली. शिव्या देणारी तीच माणसं आता ती म्हणेल ते करत होती. तिचा आवाज बसला. तरी ती ओरडत राहिली, आवाज नसला तरी हात होते. प्रत्येक गाडी बाहेर पडली की तिला वाटायचं, आता थोडंच राहिलं.

सगळ्यात शेवटी बस मागे आली, सबंध वळण उलटी. कंडक्टर पत्र्यावर थाप मारत होता, ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर झुकला होता आणि रडत होता. बस बाहेर पडली. वाट मोकळी झाली.

मावशी खिंडीच्या तोंडाशी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. बाहेर काढलेल्या गाड्या तिने एका बाजूला दाबून धरल्या होत्या, शहराकडची बाजू पूर्ण रिकामी ठेवली होती. वळणावर मोटार दिसली. ती हिरवी पाटी उंच धरून हात हलवू लागली, जा, जा, थांबू नको, जा.

मोटार भोंगा वाजवत नव्हती. तिला घाई नव्हती. मोकळ्या रस्त्यावरून ती सावकाश येत होती. मावशीला ते दिसलं, पण तिने हात खाली घेतला नाही. बसलेल्या आवाजाने ती ओरडत होती, "लवकर! अरे लवकर चल! वाट मोकळी आहे, मी मोकळी केलीय!" मोटार तिच्याजवळ आली. ती बाजूला झाली आणि शहराकडे हात करत राहिली.

मोटार तिच्याशेजारी येऊन थांबली, आणि ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.